फाटकाचा रिमोट किट: डब्यावर शंभर मीटर, टिनाच्या शेडात दहा पावलं

शेतघराच्या सरकत्या फाटकाला किंवा गोदामाच्या शटरला लावायचा ४३३ मेगाहर्ट्झचा रिमोट किट आता तालुक्याच्या इलेक्ट्रिक दुकानातही मिळतो. त्यात दोन रिलेचा, म्हणजे विजेनं लागणाऱ्या-सुटणाऱ्या दोन स्विचचा, रिसीव्हर बोर्ड, चार बटणांचे दोन रिमोट आणि बारा व्होल्टचा अडॅप्टर असतो. डब्यावरची नावं वेगवेगळी, आतला माल बहुतेक एकसारखा. बोलेरो किंवा ट्रॅक्टर रस्त्यावरून वळला की बसल्या जागी फाटक उघडावं, पावसात खाली उतरावं लागू नये, एवढ्यासाठी लोक तो घेतात. आणि मग गाडीचं नाक फाटकाला टेकेपर्यंत बटण दाबत बसतात.

डब्यावर छापलेले १०० मीटर खोटे नाहीत. ते मोकळ्या वावरात, नव्या सेलवर, रिमोट आणि रिसीव्हर दोन्ही माणसाच्या उंचीवर आणि मध्ये काही आडवं नसताना मिळतात. आपल्याकडे हाच रिसीव्हर टिनाच्या शेडात, लोखंडी पेटीत, जमिनीपासून दोन फुटांवर बसतो. त्यामुळे रेंज कमी पडली की बहुतेक वेळा दोष किटचा नसून बसवण्याचा असतो. किटचा स्वतःचा एक खरा दोष आहे, त्याकडे पुढे येऊ.

आधी रेंजच कमी आहे का, याची खात्री करा. एका माणसाला रिसीव्हरजवळ उभं करा, दुसऱ्यानं फाटकापासून दूर जात दर दहा पावलांवर बटण दाबावं. जवळच्या माणसानं दोन गोष्टी टिपायच्या: बोर्डावरचा दिवा लुकलुकला का, आणि रिलेचा ‘टक्’ आवाज आला का. दिवा लागला, टक् वाजलं, पण फाटक हललं नाही, तर रेंजचा काहीच संबंध नाही. अशा वेळी बहुधा बोर्ड चुकीच्या मोडवर असतो. फाटकाच्या मोटरच्या बोर्डाला फक्त क्षणभराचा संपर्क हवा असतो, म्हणजे बटण दाबलं की रिले लागला आणि सोडलं की सुटला. रिसीव्हर ‘टॉगल’वर शिकवलेला असेल तर पहिल्या दाबाला रिले लागून तसाच राहतो आणि दुसऱ्या दाबाला फक्त सुटतो. सुटण्याला मोटर काहीच करत नाही. मग ‘एकदा चालतो, एकदा नाही’ अशी तक्रार सुरू होते आणि दोष रेंजवर जातो. बहुतेक बोर्डांवर लर्न बटण (रिमोटचा कोड बोर्डाला शिकवायचं) एकदा दाबून रिमोट शिकवला की क्षणिक मोड, दोनदा दाबून शिकवला की टॉगल असं ठरलेलं असतं. आपल्या किटसोबतच्या कागदावर ते एकदा पडताळून घ्या, आधीची नोंद पुसा आणि क्षणिक मोडमध्ये पुन्हा शिकवा.

दिवा लागतो पण टक् होत नाही, ही वेगळी बिमारी आहे आणि खेड्यात फार दिसते. कारण लाईनचा व्होल्टेज. संध्याकाळी सगळ्या घरचे दिवे, पंखे, मोटरी सुरू झाल्या की गावठाणाच्या लाईनवर १६५ व्होल्ट उरणं काही नवं नाही. किटसोबत जुन्या पद्धतीचा, आत ट्रान्सफॉर्मर असलेला जड अडॅप्टर आला असेल, तर २३० ला १२ देणारा तो १६५ ला साडेआठच्या आसपास देतो. बारा व्होल्टचा साधा रिले ओढायला सुमारे ९ व्होल्ट लागतात. रिसीव्हरचा चिप ५ व्होल्टवर चालतो, म्हणून त्याला कोड ऐकू येतो, दिवाही लागतो, पण रिलेत ओढायची ताकद उरत नाही. मल्टिमीटर रिसीव्हरच्या १२ व्होल्टच्या टर्मिनलवर लावून बटण दाबा. त्या क्षणी काटा ९.५ च्या खाली गेला तर अडॅप्टर बदला. १०० ते २४० व्होल्टवर चालणारा, वजनाला हलका अडॅप्टर घ्या, किमान १ अँपिअरचा. पण हे हलके अडॅप्टर स्वतः रेडिओ लहरींचा गोंगाट करतात, त्याचं पुढे सांगतो.

दिवाही लागत नाही, टक्ही होत नाही, तेव्हाच प्रश्न रेंजचा.

सुरुवात सेलपासून करा. या रिमोटात बहुधा १२ व्होल्टचा २७ए किंवा २३ए सेल असतो. दोघांची लांबी सारखी, २८ मिलिमीटर, पण २७ए बारीक आणि २३ए थोडा जाड, म्हणून दुकानात जुना सेल सोबत न्या. रिमोटचा लाल दिवा लागतो म्हणजे सेल चांगला, ही समजूत चुकीची आहे. तो दिवा ६-७ व्होल्टवरही जळतो, तोवर प्रक्षेपणाची ताकद केव्हाच उतरलेली असते. सेल नुसता मोजू नका, बटण दाबून धरून मोजा. नवा सेल १२ च्या आसपास दाखवेल. दाबताना १० च्या खाली आला तर बदला. सेल स्वस्त आहे आणि पेटीत पडून राहिला तरी उतरतो, म्हणून खरेदी करताना तारीख बघा. दोन्ही रिमोटांची रेंज वेगवेगळी येत असेल तर दोष कमी रेंजच्या रिमोटात. दोन्ही सारखेच कमी पडत असतील तर रिसीव्हरकडे या.

इथेच खरं काम आहे. ४३३.९२ मेगाहर्ट्झची लहर ६९ सेंटिमीटर लांब असते आणि तिच्या पाव भागाचा, १७.३ सेंटिमीटरचा, सरळ उभा तार म्हणजे तिचा अँटेना. किटमधून निघणारी बारीक वायर किंवा स्प्रिंग त्याच मापावर बांधलेली असते. मिस्त्री लोक दोन चुका करतात. एक, वायर गुंडाळून पेटीत कोंबतात. दुसरी, ‘तार लांब तितकी रेंज’ म्हणून तिला दोन-तीन मीटर वायर जोडून छताला खिळवतात. लांब तार माप सोडते, रिसीव्हरशी जुळत नाही आणि वर आजूबाजूचा गोंगाट गोळा करून आणते. विशेषतः ३४-३५ सेंटिमीटरची, म्हणजे अर्ध्या लहरीची तार या बोर्डावर लावली तर रेंज वाढायच्या ऐवजी घटते. जोडलेली वायर काढा आणि १७.३ सेंटिमीटर मोजून नवी लावा. १.५ चौरस मिलिमीटरची एकपदरी तांब्याची तार पुरेशी कडक राहते. ती उभी ठेवा आणि लोखंडापासून निदान वीतभर दूर ठेवा.

मग टीन. रिसीव्हर टिनाच्या शेडात आणि शटर लोखंडाचं असेल तर लहर आत शिरायला फार कमी जागा उरते. ओळखायची खूण सोपी आहे: शटर वर असताना रिमोट लांबून चालतो आणि खाली असताना जवळूनही चालत नाही. म्हणजे शटर बंद करायला काही अडचण नाही, उघडायलाच अडचण. असं असेल तर सेल बदलून, महागडा रिमोट आणून काहीही होणार नाही. अँटेना शेडाबाहेर काढावा लागतो.

त्यासाठी लागणारं सामान बहुतेक घरात पडलेलं असतं. डिश टीव्हीची उरलेली काळी केबल, म्हणजे आरजी ६, इथे उत्तम चालते. ती ७५ ओहमची आहे, बोर्ड ५० चा समजला जातो, पण या कामात तो फरक नगण्य आहे. ४३३ वर ती मीटरमागे साधारण ०.१५ डेसिबल खाते, म्हणजे पाच मीटर केबल जवळपास फुकट. पातळ आरजी १७४ घेतली तर तेवढ्याच लांबीत तीन डेसिबल जातात, म्हणजे निम्मी ताकद केबलमध्येच संपते. केबलचा मधला तार बोर्डावरच्या अँटेनाच्या जागी आणि जाळी बोर्डाच्या ग्राउंडला (मायनसला) डाग लावून, म्हणजे सोल्डर करून, जोडा. डिशच्या केबलची जाळी अॅल्युमिनियमची असेल तर तिला डाग बसत नाही, तिथे एफ कनेक्टर (डिशच्या केबलच्या टोकाला असतो तो) दाबून त्याच्या धातूच्या अंगाला वायर जोडा. बाहेरच्या टोकाला मधल्या तारेला १७.३ सेंटिमीटरची उभी तार, आणि जाळीला तेवढ्याच लांबीच्या चार तारा, छत्रीच्या काड्यांसारख्या खाली तिरप्या. या चार तारा सोडल्या तर केबलची जाळीच अँटेनाचं काम करू लागते आणि शेडातला गोंगाट परत आत घेऊन येते, म्हणून त्या सोडू नका. जोड पावसापासून वाचवायला पीव्हीसी पाइपाचा तुकडा आणि वर टोपी पुरे. लोखंडी पाइप मात्र नको.

उंचीचं महत्त्व लोकांना पटत नाही, म्हणून आकड्यात सांगतो. ठराविक अंतरानंतर जमिनीवरून परतलेली लहर मूळ लहरीला मारू लागते. तिथून पुढे अंतर दुप्पट करायचं तर ताकद सोळापट लागते. पण अँटेनाची उंची दुप्पट केली तर ताकद चौपट केल्यासारखा फायदा मिळतो, तोही एक पैसा वीज न वाढवता. दोन फुटांवरचा अँटेना दहा-बारा फुटांवर नेणं हा या सगळ्यातला सर्वात स्वस्त आणि सर्वात मोठा सुधार आहे. धुऱ्यावर पुरुषभर तूर उभी असेल किंवा कुंपणाला ओला बांबू असेल तर उंची आणखी कामाची, कारण पाणी भरलेला पाला ही लहर शोषतो. उन्हाळ्यात बसवलेला रिमोट भर पावसाळ्यात कमी पडतो तो यामुळेही.

आता गोंगाट. रिमोटची लहर कमजोर असते. रिसीव्हरच्या कानाशी दुसरं काही ओरडत असेल तर ती ऐकू येत नाही. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की गोंगाट रिसीव्हरच्या बाजूला असेल तरच नडतो. गाडीतला चार्जर, डॅशकॅम यांनी रिमोटला फरक पडत नाही. पण फाटकाच्या खांबावरचा स्वस्त एलईडी, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, इन्व्हर्टर, सौर पंपाचा कंट्रोलर आणि किटचा स्वतःचा हलका अडॅप्टर, हे सगळे संशयित. दिवसा रिमोट लांबून चालतो आणि खांबावरचा दिवा लागला की दहा पावलांवर येतो, तर पुरावा हातात आहे. दिवा काढून पाहा.

पक्कं निदान करायला फवारणी पंपाची बॅटरी वापरा. बॅटरीवर चालणाऱ्या पाठीवरच्या पंपात १२ व्होल्टची बॅटरी असते. रिसीव्हरचा अडॅप्टर काढा, बॅटरीच्या लाल आणि काळ्या वायरी रिसीव्हरच्या प्लस आणि मायनसला लावा, उलट्या लावू नका. आता शेडाचा मेन स्विच पूर्ण बंद करून पावलं मोजा. रेंज एकदम वाढली तर दोष लाईनच्या बाजूचा. मग मेन सुरू करून एकेक गोष्ट चालू करत जा: आधी दिवा, मग डीव्हीआर, मग इन्व्हर्टर, शेवटी किटचा अडॅप्टर. ज्याच्यावर रेंज पडली तोच चोर. बॅटरीवरही रेंज तेवढीच राहिली तर अँटेना, टीन किंवा खुद्द रिसीव्हर. अर्ध्या तासात होणारी ही तपासणी पाचशे रुपयांचा नवा रिमोट आणण्याआधी करावीच.

चोर सापडल्यावर त्याला अँटेनापासून निदान एक मीटर दूर न्या. तेवढ्यानं भागलं नाही तर अडॅप्टरची बारा व्होल्टची वायर फेराइटच्या कड्यातून तीन-चार वेढे देऊन घ्या, आणि कडं रिसीव्हरच्या जवळ ठेवा. एलईडीला मात्र इलाज करत बसू नका, चांगल्या कंपनीचा दिवा लावा.

झटका मशीनबद्दल लोक हमखास विचारतात. रानडुक्कर आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) वावराभोवती तार असते आणि ती फाटकावरूनही जाते. मशीनचा झटका साधारण सेकंदाला एक, तोही क्षणापुरता, आणि रिमोट बटण दाबलेलं असेपर्यंत तोच कोड पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. त्यामुळे नीट ताणलेली तार रिमोट बंद पाडत नाही. पण गवत टेकून, तडकलेल्या इन्सुलेटरवरून ठिणग्या उडत असतील तर त्यांचा गोंगाट बराच पसरतो. रात्री अंधारात तारेभोवती फिरा, ठिणगी दिसते आणि ऐकूही येते. अँटेना झटक्याच्या तारेपासून दोन मीटर तरी दूर ठेवा आणि त्याची वायर कुंपणाच्या खांबाला कधीच बांधू नका.

गाडीकडे वळू. अमेरिकेत बऱ्याच गाड्यांच्या आरशातच फाटक उघडायची तीन बटणं कंपनीतून येतात. आपल्याकडे लोक रिमोटच गाडीत पक्का बसवतात आणि इथे जागा चुकते. डॅशबोर्डच्या खाली, गिअरच्या खणात किंवा ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवलेल्या रिमोटभोवती लोखंड असतं. तो काचेच्या उंचीवर, मधल्या आरशाच्या मागे किंवा सनव्हायझरला हवा. काचेवर धातूचा थर असलेली फिल्म असेल तर तीही लहर अडवते. रंगाची साधी फिल्म अडवत नाही. तपासायचं सोपं आहे: खिडकी खाली करून हात बाहेर काढून दाबा. रेंज दुपटीनं वाढली तर गाडीच अडवते आहे.

काही जण सेलची कटकट नको म्हणून रिमोटला गाडीच्या बॅटरीची वायर देतात. इंजिन चालू असताना गाडीत १४ व्होल्टच्या वर जातं आणि स्टार्टर मारताना झटके येतात. थेट जोडलेला रिमोट असा जळतो. जोडायचंच असेल तर अर्ध्या अँपिअरचा फ्यूज, त्यामागे ४००७ डायोड (उलटा प्रवाह अडवणारा) आणि ७८१२ रेग्युलेटर (व्होल्टेज बारावर रोखणारा) लावा. त्याहून बरं म्हणजे सेल आतच ठेवा आणि फक्त बटणाच्या दोन टोकांना वायर लावून ती डॅशवरच्या स्विचला आणा. रिमोट वर काचेजवळ, स्विच हाताशी. ट्रॅक्टरला टप नसेल तर अडचणच नाही, फक्त रिमोट पाण्यापासून वाचवा.

आता किटचा तो खरा दोष. स्वस्त किटमध्ये रिसीव्हरचं छोटं पिल्लू बोर्ड सुपर-रिजनरेटिव्ह प्रकारचं असतं. ओळख अशी: तांब्याची छोटी कॉइल दिसते, क्रिस्टल दिसत नाही. हा रिसीव्हर फार रुंद पट्टा ऐकतो, म्हणून आजूबाजूचा सगळा गोंगाट आत घेतो, आणि उष्णतेनं त्याचा सूर सरकतो. मे महिन्यात अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वरही जातो आणि टिनाखालची बंद पेटी त्याहूनही तापते. सकाळी साठ पावलांवर चालणारा रिमोट दुपारी वीस पावलांवर येतो, रात्री पुन्हा पूर्ववत होतो, तर हीच बिमारी. संध्याकाळी पडणारी रेंज व्होल्टेज किंवा दिव्याकडे बोट दाखवते, दुपारी पडणारी या बोर्डाकडे. त्या कॉइलला पेचकस लावून फिरवणारे कारागीर असतात. लोखंडी पेचकस जवळ नेला तरी सूर बदलतो आणि काढल्यावर पुन्हा बिघडतो, म्हणून त्या भानगडीत पडू नका.

इलाज म्हणजे सुपरहेटरोडाइन रिसीव्हर. त्यावर चकचकीत धातूचं छोटं क्रिस्टल असतं. नागपुरात सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक दुकानांत असं पिल्लू बोर्ड दोनशे रुपयांच्या आत मिळतं. ४३३.९२ चं आणि ५ व्होल्टचं मागा, ३१५ चं नको. त्याच्या पायांचा क्रम जुन्यापेक्षा वेगळा असू शकतो, म्हणून बोर्डावर छापलेली नावं वाचून व्होल्ट, डेटा, ग्राउंड आणि अँटेना एकेक करून जोडा. ज्यांना डाग लावता येत नाही त्यांनी खरेदी करतानाच डबा उघडून क्रिस्टल पाहून घ्यावं. या एका गोष्टीवर किट घ्यायचा की नाही हे ठरवलं तरी चालेल.

चावीवाल्याकडून केलेले कॉपी रिमोट हा आणखी एक घोळ. कॉपी रिमोट फक्त चार-पाच फुटांवरून चालत असेल तर तो बहुधा ४३३ चा नसून ३१५ किंवा जवळच्या दुसऱ्याच फ्रिक्वेन्सीवर आहे. रुंद कानाचा रिसीव्हर अगदी जवळ त्यालाही ऐकतो, एवढंच. कॉपी करण्यापेक्षा त्याच चिपचा, म्हणजे बहुधा ईव्ही १५२७ चा, नवा रिमोट आणून लर्न बटणानं शिकवा.

पेटीचं थोडक्यात: वायर खालून ग्लँडमधून (वायर आवळून धरणाऱ्या बुचातून) आत घ्या, वरून नको. भोक सिलिकॉननं बंद करा. मुंग्या आणि पाली उबेला आत शिरतात आणि त्यांच्या ओलीनं बोर्डाचे पाय गंजतात. पावसाळ्याआधी एकदा उघडून ब्रशनं झाडा.

शटरची मोटर थेट किटच्या रिलेवर चालवू नका. १० अँपिअर लिहिलेलं असलं तरी ते हीटरसारख्या लोडसाठी आहे, मोटर सुटताना उडणारी ठिणगी रिले चिकटवते आणि बोर्डही अडकवते. मध्ये कॉन्टॅक्टर (मोटरचा भार पेलणारा मोठा रिले) घाला आणि त्याच्या कॉइलला समांतर १०० ओहम व ०.१ मायक्रोफॅरडचा, मेन लाईनवर चालणारा स्नबर (ठिणगी दाबणारी जोडी) लावा. वर आणि खाली असे दोन कॉन्टॅक्टर असतील तर त्यांचं इंटरलॉक, म्हणजे एक लागलेला असताना दुसरा लागू न देणारी जोडणी, हवंच, नाहीतर दोन्ही एकदम लागून मोटर जळेल.

घराच्या फाटकाला हा किट, बाहेर काढलेला अँटेना आणि क्रिस्टलवाला रिसीव्हर एवढ्यावर मोकळ्यात साठ-सत्तर मीटर भरवशानं देतो, त्याच्या किमतीत ते चांगलं आहे. कापूस, सोयाबीन भरलेल्या गोदामाला मात्र तो लावू नका. याचा कोड कायम एकच असतो, बाजारात मिळणारं यंत्र तो एकदा ऐकून जसाच्या तसा परत पाठवू शकतं, आणि रेंज वाढवली की ऐकणाऱ्यालाही लांबून ऐकू येतो. तिथे रोलिंग कोडचा किट घ्या, ज्यात प्रत्येक दाबाला कोड बदलतो. आणि किट कुठलाही असो, सालदार काम सोडून गेला किंवा रिमोट बाजारात हरवला तर त्याच दिवशी रिसीव्हरची सगळी आठवण पुसा. बऱ्याच बोर्डांवर त्यासाठी लर्न बटण आठ वेळा दाबावं लागतं. मग हातात असलेले रिमोट तेवढे पुन्हा शिकवा.